खासनीस मार्ग

"उकिडवे, तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

"आई करते, मॅडम."

"मग उद्यापासून त्यांना पाठवा. तुम्ही घरी थांबा. निदान हातांचा उपयोग माहीत असलेलं एक माणूस तरी माझ्या लॅबमध्ये येईल."

माझा आलेख त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसा. खिडकीपर्यंत नेतात की काय असं वाटलं, पण त्यांनी तो टेबलावर माझ्या बाजूला सोडला आणि बोटं रुमालाला पुसली.

"पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच, मॅडम. पेशी हलत नाहीत."

"रेवतीच्या हलतात."

"हो."

"साऱ्या जगासमोर हलल्या. हललेल्या छापून आल्या. तुमच्यासमोरच त्यांना लाज वाटते का?"

"निळा रंग टाकून पाहिला, मॅडम. मेलेल्या असत्या तर निळ्या झाल्या असत्या. जिवंत आहेत."

"जिवंत तर तुम्हीही आहात."

मागे रेवती हुबळीकर पिपेटची टोकं डब्यात भरत होती. ती हसली नाही. नुसता तिचा हात थांबला. हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

मॅडम म्हणजे डॉ. मृणालिनी खासनीस, माझ्या पीएच.डी.च्या गाइड. मिरजेच्या बाहेर एका संस्थेत आम्ही काम करत होतो. संस्थेच्या नावाच्या शेवटी 'संशोधन मंदिर' असं होतं आणि मॅडम कट्टर बुद्धिवादी होत्या. 'मंदिर' काढून 'केंद्र' करा असा अर्ज त्यांनी विश्वस्तांना दिला होता. 'योग्य वेळी विचार करू' असं उत्तर आलं. योग्य वेळ मॅडमच्या निवृत्तीनंतरची, हे विश्वस्तांना माहीत होतं आणि मॅडमनाही. ज्यांच्यावर त्यांची मर्जी असे त्यांना त्या अरे-तुरे करत. मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो होतं. इतका आदर मला नंतरच्या पंचवीसेक वर्षांत कुणी दिलेला नाही, आणि कुणी देऊही नये.

आमचं काम विषाचं होतं. डांग्या खोकल्याचा जंतू एक विष तयार करतो. परदेशातल्या कंपन्या जंतूपासून ते वेगळं काढतात, शुद्ध करतात आणि करंगळीएवढ्या काचेच्या कुपीतून, म्हणजे व्हायलमधून, विकतात. पोराबाळांचा जीव खाणारी ही वस्तू प्रयोगशाळेत मात्र सोन्यासारखी, कारण ती पेशीतली एकच गोष्ट नेमकी बंद पाडते, बाकीच्यांना हात लावत नाही. मॅडम हे फार सुंदर समजावत. "घरात माणूस कुठून शिरतो ते शोधायचंय? पुढच्या दाराला कुलूप घाला. माणूस बाहेर राहिला, तर तो पुढूनच येत होता. कुलूप असूनही आत दिसला, तर घराला मागचं दार आहे. हे टॉक्सिन म्हणजे ते कुलूप." मग टेबलावर हात आपटून पुढचं वाक्य यायचं. "आणि याला विष म्हणायचं नाही. विषं मांत्रिक उतरवतात. हे हत्यार आहे. आपल्या लॅबचं सगळ्यात मोठं हत्यार." हे त्या सगळ्यांना ऐकवत. विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना, एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा.

शरीराला जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्याकडे सरपटत निघतात. जखमेतल्या एका प्रथिनाच्या वासानं त्या कशा येतात, हा मॅडमचा विषय. रेवतीनं पेशींना टॉक्सिन दिलं, पुढचं दार लावलं, आणि पेशी तरीही त्या प्रथिनाकडे चालत गेल्या. म्हणजे मागचं दार होतं, आणि ते आजवर कुणाला दिसलं नव्हतं. एका मोठ्या परदेशी नियतकालिकानं ते छापलं. संचालकांनी सत्काराच्या भाषणात त्याला 'खासनीस मार्ग' म्हटलं आणि नाव चिकटलं. सांगलीच्या एका दैनिकात पहिल्या पानावर आलं, 'मिरजेच्या शास्त्रज्ञ महिलेने शोधला नवा मार्ग'. दुसऱ्या दिवशी संस्थेत एका गृहस्थांचा फोन आला. त्यात आपली जमीन जाते का, असं ते विचारत होते.

रेवतीला त्या कामावर पीएच.डी. मिळाली आणि ती मॅडमच्या हाताखालीच राहिली. मला पुढचा विषय मिळाला, की हा मार्ग पेशीच्या आत कुठवर जातो. पण जायचं तर आधी मार्गावर उभं राहायला हवं. म्हणून मी टॉक्सिनची नवी व्हायल मागवली आणि रेवतीचा प्रयोग तसाच्या तसा केला. पेशी जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा केला. पुन्हा नाही. ज्या मार्गाचं नामकरण झालं होतं, सत्कार झाला होता, ज्यात जमिनी जायची भीती होती, तो मला सापडत नव्हता.

आणि आता मॅडमनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"सोमवारी दिल्लीची समिती येतेय. तिच्यासमोर मी खासनीस मार्गाचा पुढचा भाग दाखवणार असं कळवलंय. तोपर्यंत रेवतीसारखा निकाल आला नाही, तर विद्यापीठाला लिहीन की हा विद्यार्थी मला नको. नोंदणी रद्द. तीन वर्षं गेली म्हणायचं आणि बँकेच्या परीक्षा द्यायच्या. वय आहे अजून तुमचं."

"पण मॅडम, निकाल जर—"

"निकाल चुकत नाही, उकिडवे. माणसं चुकतात."

मी बाहेर आलो. पहिला संशय मी भांड्यांवर घेतला होता, म्हणून वनमालाबाई सूर्यवंशींनीही माझ्याशी बोलणं टाकलं होतं. वनमालाबाई लॅबची काचेची भांडी धूत, आणि मॅडम नसल्या की लॅबही चालवत. मॅडमसुद्धा त्यांच्याशी जरा जपूनच बोलत. "फ्लास्कमध्ये साबण राहतो का?" एवढंच मी विचारलं होतं.

"साबण राहतो म्हणे," त्या दिवशीही मला बघून त्यांनी भिंतीला सांगितलं. "तीन-तीन पाण्यानं धुतीय मी. रेवतीताईंना कधी साबण लागला नाही. ह्यांनाच तेवढा लागतोय. घरी डोळ्यात जातो का विचारा."

भिंतीनं विचारलं नाही. मी रेवतीच्या टेबलापाशी गेलो.

"रेवती, तुझी जुनी व्हायल आहे ना अजून?"

"आहे."

"थोडं टॉक्सिन देशील?"

"नाही."

"थोडंसंच उरलंय, मला माहितीय. पण तू जी वापरलीस त्याच व्हायलनं मी करून बघितलं तर—"

"तर ती संपेल. आणि तुझ्या हातानं संपेल." तिनं वर पाहिलं. "तुला खरं काय म्हणायचंय, श्रीरंग? मी आकडे बनवले?"

"मी असं म्हटलं?"

"तुझा चेहरा म्हणतोय. तीन आठवडे म्हणतोय."

त्यात थोडं तथ्य होतं. रेवतीनं आकडे बनवले असावेत असं माझं मत झालं होतं, आणि माझे हात वाईट आहेत असं तिचं. आम्ही शेजारी बसून डबे खायचो आणि एकमेकांना लोणचंही विचारायचो नाही.

व्हायल शेवटी मॅडमनीच द्यायला लावली. "देऊन टाक गं त्यांना. एकदाचं सिद्ध होऊ दे, की हत्यार तेच असलं तरी हातात खोट आहे." रेवतीनं फ्रिजमधून स्वतःचा डबा आणला. त्याला तिनं हल्लीच छोटं कुलूप लावलं होतं. व्हायल माझ्या हातात देताना ती म्हणाली, "पाडू नकोस." कुणी तान्हं मूलही इतक्या अविश्वासानं देत नसेल.

मी एकाच दिवशी, एकाच माणसाच्या रक्तातल्या पेशी घेतल्या. त्या माझ्याच होत्या, कारण मला रक्त द्यायला लॅबमध्ये कुणी तयार नव्हतं. त्यांचे दोन भाग केले. एका भागाला नव्या व्हायलचं टॉक्सिन, दुसऱ्याला जुन्या. मग दोन्हींपुढे जखमेतलं ते प्रथिन ठेवलं आणि वाट पाहिली.

जुन्या व्हायलच्या पेशी चालल्या. नुसत्या चालल्या नाहीत, जत्रेला निघाल्यासारख्या निघाल्या.

मॅडमनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. पाहतच राहिल्या. मग डोळे वर केले, आणि मी जन्मात विसरणार नाही असं काहीतरी त्यांनी केलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे श्रीरंग!" त्या म्हणाल्या. "जमलं की तुला! मी म्हणत होते ना रेवा, मन लावलं की येतं. चहा घेतोस का?"

त्या दुपारी मी साधारण तासभर 'अरे' होतो. चहा आला, बरोबर बिस्किटं आली. वनमालाबाईंनी कप माझ्यापुढे ठेवला, भिंतीपुढे नाही. शहाणा माणूस असतो तर तिथेच गप्प बसलो असतो. नोंदणी वाचली होती.

"मॅडम, अजून एक बाकी आहे," मी म्हणालो. "त्याच पेशी, तेच हात. नव्या व्हायलच्या बाजूला बघाल का?"

त्यांनी पाहिलं. तिथे सगळं निपचित होतं.

"म्हणजे काय?" मॅडम म्हणाल्या. खांद्यावरचा हात केव्हाच गेला होता.

"म्हणजे दोन व्हायलपैकी एक खोटं बोलतेय."

"नवी बिघडलेली असेल," रेवती म्हणाली.

"तपासू या. हॅमस्टरच्या पेशींवर."

त्याला एक साधी चाचणी आहे. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी बशीत वाढवतात. एरवी त्या आडव्यातिडव्या पसरतात. हे टॉक्सिन टाकलं की दुसऱ्या दिवशी एकमेकींना बिलगून द्राक्षांसारखे घोस करतात. घोस झाले तर टॉक्सिन जिवंत. नाही झाले तर मेलेलं.

"ही चाचणी मी केलीय," रेवतीचा आवाज चढला. "व्हायल आली तेव्हाच केली. घोस होते. फोटो आहेत माझ्याकडे."

"नंतर पुन्हा कधी केलीस?"

"नंतर कशाला? दर वेळी तपासायला टॉक्सिन काय नळाला येतं? सहा-सहा महिने वाट बघतो एका व्हायलची."

"मग आता करू या."

"उकिडवे," मॅडम म्हणाल्या, आणि मी पुन्हा अहो झालो, "तुम्ही माझ्या छापून आलेल्या कामाची परीक्षा घेताय का?"

"माझ्या हातांची घेतोय, मॅडम. तुम्हीच सांगितलंत."

त्यांना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर त्या मॅडम राहिल्या नसत्या. हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपच्या छोट्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो. तिघांना पुरेल एवढी हवा तिथे नव्हती, आणि तिघांचे संबंध पाहता बाहेरून आणायलाही कुणी गेलं नसतं. नव्या व्हायलची बशी आधी लावली. ठसठशीत घोस. मग जुनीची.

मॅडम बराच वेळ वाकून होत्या. मग रेवती वाकली. मला कुणी बोलावलं नाही, पण मी सकाळी आल्या आल्या पाहून ठेवलं होतं. पेशी सुखानं पसरल्या होत्या, दुपारी जेवून लवंडल्यासारख्या. घोस एकही नव्हता. जुनं टॉक्सिन मेलेलं होतं. कुलूप होतं, पण न लावता नुसतं कडीला अडकवून ठेवल्यासारखं. दार कधी बंद झालंच नव्हतं. पेशी पुढच्याच दारानं आत गेल्या होत्या, आणि त्या आत दिसल्या म्हणून आम्ही घराला मागचं दार असल्याचं साऱ्या जगाला कळवलं होतं.

"जुनी झालीय ती," रेवती म्हणाली. घाईघाईनं म्हणाली. "मॅडम, दीड वर्ष होऊन गेलं. आता मेली असेल. मी वापरली तेव्हा जिवंत होती. यातून एवढंच कळतं, की आज ती मेलीय."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. कंबर सरळ करून त्या उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर रंग परत येत होता. "अगदी बरोबर. कधी मेली, हे बशी सांगत नाही. कळलं का, उकिडवे? तुमच्या नव्या व्हायलमध्ये दुसरी काहीतरी भेसळ असेल, त्यानं सगळीच दारं बंद होत असतील. सिद्ध करा, नाहीतर सोमवारी आवराआवर करा."

तर्क म्हणून त्यात खोट काढता येत नव्हती. मी जुनी व्हायल हातात घेतली, कारण हातात घ्यायला दुसरं काही नव्हतं. लेबलावर इंग्रजीत 'गोठवू नये' असं छापलेलं होतं, आणि त्यातल्या अर्ध्या अक्षरांवर एक लालसर डाग होता.

"हे काय लावलंयस?" मी रेवतीला विचारलं. "मार्कर आहे का?"

"मी काही नाही लावलं. आधीपासून आहे ते."

"पहिल्यापासून? व्हायल आली तेव्हापासून?"

"नाही... मला वाटलं मॅडमनी खूण केलीय."

"मी कशाला खुणा करू?" मॅडम म्हणाल्या.

वनमालाबाई धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. आत येऊ की नको असा विचार करणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

"मार्कर कसला?" त्या म्हणाल्या. "कुंकू हाय ते."

रेवतीनं व्हायल माझ्या हातातून घेऊन उजेडात धरली.

"काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"कुंकू. हळदपण लावलेली, ती पुसली गेली वाटतं. गेल्याच्या गेल्या खंडेनवमीला."

"माझ्या लॅबमध्ये खंडेनवमी?"

"तुम्ही दिल्लीला गेलता की मीटिंगला, अन् हे दोघं दसऱ्याला घरी गेलते. तुम्ही असला की करत न्हाई आम्ही." हे त्यांनी सवलत दिल्यासारखं सांगितलं. "सगळ्या लॅबमध्ये करतात. आपल्याच मशिनी काय पाप करून आल्यात? सेंट्रिफ्यूज पुजला, तराजू पुजला, पिपेटी पुजल्या."

"आणि ही?"

"मग मुख्य हत्यार सोडून पिपेटी पुजायच्या?" वनमालाबाईंना प्रश्नच कळेना. "तुम्हीच सांगता की सगळ्यांस्नी. ह्याला विष म्हणायचं न्हाई, हे हत्यार हाय, लॅबमधलं सगळ्यात मोठं हत्यार हाय. त्या एसीवाल्याला सांगितलंत तवा मी हितंच हुतो. मग सगळ्यात मोठं हत्यार फ्रिजमध्ये ठेवून बाकीच्यांना हळदीकुंकू वाहायचं? बरं दिसतं का ते?"

शेवटी मीच विचारलं. "किती वेळ बाहेर होती, बाई?"

"पुजलेलं हत्यार दिवसभर जागचं हलवत न्हाईत, साहेब. एवढं तरी म्हाईत पाहिजे." मी ब्राह्मण असून मला हे माहीत नाही, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. "समईपाशी ठेवलेली. सांजच्याला हात लावला तर कोमट लागली. मला लई वाईट वाटलं. परदेशाची वस्तू. म्हणून रातभर वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी बघतो तर दगड झालेली. मग पाण्यात धरून सुटी केली आणि होती तिथं ठेवली. काय सांडलं न्हाई त्यातलं."

समईच्या उबेतून बहुधा टॉक्सिन वाचलं असतं. ते मेलं असणार बर्फानं.

"रेवा," मॅडमचा आवाज एकदम साधा झाला होता, "तुझी हॅमस्टरची चाचणी कधीची?"

"गणपती नुकते झाले होते."

"आणि पेशींचे प्रयोग?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं ते सुरू केले, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. गणपती आणि दिवाळी यांच्यामध्ये काय येतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

मग जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. "मला विचारायचं तरी!" रेवती वनमालाबाईंवर ओरडली. "माझं नाव आहे त्या पेपरवर! मी सोमवारी समितीसमोर उभी राहून सांगणार, हे कुणी केलं ते." वनमालाबाई म्हणाल्या, "सांगा की! प्रसादाचे पेढे कुणी खाल्ले तेपण सांगा. दिवाळीपर्यंत डब्यातनं काढून खात हुता." रेवती पांढरी पडली. लॅबमधले पेढे कुठून येतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं, पण खाल्ले होते हे खरं. मी मध्ये काहीतरी बोललो, तेव्हा दोघीही माझ्यावर उलटल्या. हे सगळं उकरलं कुणी, यावर त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"बाहेर," मॅडम म्हणाल्या. "दोघीही. उकिडवे, तुम्ही थांबा."

दार लागलं. आता दोन गोष्टी होऊ शकत होत्या. एक, ही व्हायल बेसिनमध्ये जाणार आणि तिच्यामागोमाग मी. दोन, वनमालाबाईंना नोकरीवरून काढलं जाणार, आणि मॅडम समितीला सांगणार की अंधश्रद्धाळू नोकरवर्गानं विज्ञानाचा घात केला. त्यावर त्यांचं एक तयार व्याख्यानही होतं. गावोगावी देत.

"कागद घ्या," त्या म्हणाल्या. "नियतकालिकाला पत्र लिहायचंय. लेख मागे घेत आहोत असं."

मी कागद घेतला. पत्र इंग्रजीत होतं. लेखाचं नाव, खंड, पान वगैरे झालं. मग कारणाशी आम्ही अडलो, कारण खंडेनवमीला इंग्रजीत काय म्हणतात हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"'प्रयोगशाळेत झालेल्या एका धार्मिक विधीच्या वेळी' असं घालू का, मॅडम?"

"वाचा पुढे."

"'...टॉक्सिनची व्हायल पूजेत ठेवल्यामुळे ते निष्क्रिय झाले.'"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. गाढवाकडे बघतानाही माणूस इतकं निरखून बघत नाही.

"पूजेमुळे टॉक्सिन निष्क्रिय झालं," त्या सावकाश म्हणाल्या. "हे मी लिहून द्यायचं. माझ्या सहीनं. परदेशी नियतकालिकात. अहो, उद्या छापून येईल! 'हळदीकुंकवाने जंतूचे विष उतरते, मिरजेच्या शास्त्रज्ञ महिलेने केले सिद्ध.' परवा लोक डांग्या खोकल्याच्या पोरांना समईपाशी निजवतील. मंदिर, मंदिर म्हणतात ते खरंच होईल. आयुष्यभर मी काय केलं मग?"

"पण झालं तर तसंच, मॅडम."

"झालं ते गोठल्यामुळे झालं. गोठलं की प्रथिन मोडतं. कुंकू लावा नाहीतर लिपस्टिक लावा. पूजेचं नाव त्या कागदावर येणार नाही. खोडा."

"मग कुणी गोठवली असं लिहायचं? वनमालाबाईंचं नाव—"

"बाईंचं नाव आलं की कशासाठी गोठवली हे येणार, आणि मग पूजा आलीच. खोडा म्हटलं ना." त्या खिडकीकडे गेल्या. बाहेर माळी पाइपानं संस्थापकांच्या पुतळ्याला आंघोळ घालत होता. "लिहा. 'व्हायलच्या साठवणीवर देखरेख ठेवण्यात मृणालिनी खासनीस यांच्याकडून निष्काळजीपणा झाला. त्यामुळे टॉक्सिन गोठून निष्क्रिय झाले. लेखात वर्णन केलेला मार्ग अस्तित्वात नाही.' पूर्णविराम."

"रेवतीचं?"

"तिनं मी दिलेली व्हायल वापरली. तिचं नाव नको."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. देवाधर्माला एक ओळही द्यायची नाही या हट्टापायी मॅडमनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. यात मोठेपणा किती आणि अहंकार किती, हे वेगळं काढणारं हत्यार मला पुढे कुठल्याही लॅबमध्ये मिळालं नाही.

सोमवारी समिती आली. अध्यक्ष मूळचे नागपूरचे, म्हातारे, गोड बोलणारे. खासनीस मार्गाचा पुढचा भाग ऐकायला ते खुर्चीत सैलावून बसले. संचालक पहिल्या रांगेत होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि दोन बशांचे फोटो पडद्यावर लावले. एकीकडे घोस, दुसरीकडे काही नाही.

"खासनीस मार्ग नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हता. टॉक्सिन मेलेलं होतं. साठवणीत चूक झाली, ती माझी. लेख मागे घेतलाय."

पहिल्या रांगेत संचालकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला नाही. मागच्या रांगेत रेवती माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. मॅडम आता तिचं नाव घेतील या तयारीनं तिनं पदर मुठीत आवळून धरला होता. नाव आलं नाही. वाक्य संपलं तरी तिची मूठ सुटली नाही.

"हे धाडसाचं आहे, डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले. "पण चूक लक्षात कशी आली? तुम्हीच पुन्हा तपासलंत का?"

मॅडमनी सभागृहात शोधलं आणि बोट रोखलं. सगळे वळून माझ्याकडे बघू लागले.

"ते. उकिडवे. माझे विद्यार्थी आहेत. तीन आठवडे मी त्यांना खोटं ठरवत होते, आणि ते ऐकत नव्हते. अतिशय त्रासदायक माणूस आहे. तीन आठवड्यांत त्यांनी माझं आयुष्यभराचं काम संपवलं. प्रबंधाला आणखी काय लागतं मला माहीत नाही. त्यांना पदवी द्यायला सांगा आणि इथून घेऊन जा."

अध्यक्ष मोकळेपणानं हसले. सभागृहातही हशा पिकला. त्यांना वाटलं, मॅडम विनोद करताहेत. मॅडमना विनोद करता येत नसे.

पुढच्या महिन्यात प्रबंध सादर करण्याची परवानगी त्यांच्या सहीनिशी माझ्या टेबलावर आली. त्याच पाकिटात एक चिठ्ठी होती, लॅबची किल्ली संध्याकाळच्या आत वनमालाबाईंकडे जमा करावी म्हणून.